महापालिकेत बागेची नोकरी म्हणजे फुकटचा पगार? जरा बसा, सांगतो

निवृत्त_माळीबुवा

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एकाने विचारलं की पुतण्याचं बीएस्सी हॉर्टी झालंय, महापालिकेच्या उद्यान खात्याची परीक्षा देऊ दे का. त्यावर एका सद्गृहस्थांचं उत्तर, जसंच्या तसं देतो: "अजिबात नको. ग्रोथ नाही. बागेला माळी ठेवला की झालं, अधिकारी कशाला लागतो? उद्यान, क्रीडा, नाट्यगृहं हे सगळे पांढरे हत्ती आहेत, खासगीला देऊन मोकळं व्हावं. तिथले लोक बागेत फिरायचा पगार घेतात." खाली चौदा अंगठे. त्यातले चार अंगठे रोज सकाळी माझ्याच हाताखाली झालेल्या बागेत टाळ्या वाजवत हसायला जमतात, हे विशेष.

ग्रुपवर बोललो नाही, तिथे लग्नकार्यात तोंडं बघायची असतात. इथे बोलतो.

मी 31 वर्षं उद्यान खात्यात काढली. महापालिका कुठली ते सांगत नाही, पेन्शन तिकडूनच येतं. बागेत फिरायचा पगार म्हणता ना, तर ऐका. अर्धं आयुष्य बागेत नाही, झाडांच्या फायलीत गेलं. 1975 चा झाडांचा कायदा आहे, त्यामुळे फांदी तोडायची तरी अर्ज आमच्याकडे, पाहणी आम्ही करायची, नोटीस आम्ही चिकटवायची, आणि पावसाळ्यात झाड गाडीवर पडलं की "खातं झोपलं होतं का" हेही आम्हालाच. ज्याने वर्षभर "तोडू नका" म्हणून अर्ज केले त्याच माणसाची गाडी असायची पुष्कळदा.

उरलेलं अर्धं आयुष्य पाण्यात. कुणाच्या तरी संकल्पनेतून बाग साकारते, फीत कापली जाते, कारंजं उडतं, फोटो निघतो. पाण्याची लाइन मात्र अंदाजपत्रकात नसते. मग बोअर मारा, ती आटली की टँकर मागवा, टँकरवाल्याचं बिल अडलं की लॉन पिवळं, की पेपरात बातमी. एका बागेतल्या कारंज्याचा पंप माझ्या कारकिर्दीत तीनदा चोरीला गेला. चौथ्यांदा मी बसवलाच नाही, त्या हौदात कमळं लावली. ऑडिटवाल्यांनी विचारलं, कारंजं कुठंय. म्हटलं उमललंय.

आणि हे असं का, तर मुळात कायद्यातच. आपल्या 1949 च्या महापालिका अधिनियमात कलम 63 मध्ये सक्तीची कामं, पाणी, गटार, कचरा वगैरे. बागा, मैदानं, पोहण्याचे तलाव, थिएटरं हे सगळं 66 मध्ये, म्हणजे ऐच्छिक. पैसे उरले तर. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत बागा-मैदानं बाराव्या नंबरला घातली, छान झालं, पण बजेटच्या वेळी शेवटी हात आमच्याच खिशात. मार्च आला की वर्गीकरण, म्हणजे पैसे इकडचे तिकडे, आणि आमच्या खेळण्यांचे पैसे कुठल्याशा रस्त्याच्या डांबरात.

तरी त्या पुतण्याला मी म्हणेन, दे परीक्षा. एकच सांगतो. एका बागेत संध्याकाळी सात वाजले की बायका उठून जायच्या. सगळे म्हणायचे स्वैपाकाची वेळ. मी आठवडाभर जाऊन बसलो तेव्हा कळलं की फाटकाजवळचे दोन दिवे बंद असतात, ते शंभर पावलं अंधाराचे. विद्युत खात्याच्या मागे दीड महिना लागून दोन दिवे लावले. बायका नऊपर्यंत बसायला लागल्या. स्वैपाक काय त्या दिवसापासून बंद झाला का? हे माळ्याला कळत नाही, ठेकेदाराला कळूनही उपयोग नाही, त्याचं बिल स्क्वेअर मीटरवर निघतं. यासाठी अधिकारी लागतो.

हिशेबनीस

काका, लेख फर्मास. पण दोन दिव्यांना दीड महिना लागला हा तुमच्या बाजूचा मुद्दा आहे की माझ्या?

आमच्या भागातला पालिकेचा तलाव तीन वर्षं "दुरुस्तीचे काम चालू" आहे. फरशी सात वेळा उचकटली असेल. शेजारच्या खासगी क्लबाचा तलाव त्याच पावसात, त्याच बोअरवर चालू आहे. महिन्याचे पैसे घेतात, पण पाणी निळं असतं. ऐच्छिक, कलम 66 वगैरे ठीक आहे हो, पण ऐच्छिक आहे म्हणून पगार तर ऐच्छिक नव्हता ना? आणि फुकट किंवा पाच रुपयात दिलं की किंमत राहत नाही. राणीच्या बागेचं तिकीट 2017 ला 5 चं 50 केलं तेव्हा केवढा गहजब. आज रविवारी जाऊन दाखवा, रांग बघून परत याल.

नाटकवेडा

+1 धाग्याला. नाट्यगृहांवर मात्र एका शब्दात बोळवण केलीत. बालगंधर्व 1968 चं. त्याचं भूमिपूजन खुद्द बालगंधर्वांच्या हातून झालेलं. म्हणजे एका महापालिकेला त्या काळात वाटलं की शहराला चांगलं थिएटर पाहिजे, आणि तिने ते बांधलं. आता चर्चा कशाची, तर पाडायचं की ठेवायचं. तारखा, मेकअप रूममधला एसी आणि (जेवत असाल तर पुढे वाचू नका) स्वच्छतागृहं. राज्यातल्या कुठल्याही पालिकेच्या थिएटरात जा, मध्यंतरात नाक सांगतं प्रसाधनगृह कुठल्या बाजूला आहे. माझ्या मते त्या व्यवस्थापकाच्या खुर्चीवर महिन्यातून एकदा तरी नाटक बघणारा माणूस बसवा. आमच्याकडचा साहेब आधी जन्म-मृत्यू नोंदणीत होता. त्याच्याकडून मृत्यूचीच नोंद होणार.

लेस्टरवाला

मी इकडे यूकेत कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, लेजर (खेळ-विरंगुळा) खात्यात काम करतो. लायब्ररी नाही, स्विमिंग आणि पार्क्स. कुणीतरी "परदेशात बघा" म्हणायच्या आत सांगून टाकतो, इथेही लेजर ऐच्छिकच आहे. लायब्ररी कायद्याने द्यावीच लागते, तलाव नाही. थॅचरबाईंच्या काळात, 80 च्या शेवटी शेवटी, लेजर सेंटरं चालवायच्या सक्तीच्या निविदा काढायला लावल्या. मग खासगी आले, ट्रस्ट आले. काही ठिकाणी छान चाललं. पण विजेचे दर वाढले तसे तलाव धडाधड बंद व्हायला लागले, शेवटी 2023 ला सरकारने तलाव वाचवायला 6 कोटी पौंडांच्या वर निधी काढला. प्राथमिक शाळा संपेपर्यंत पोराला 25 मीटर पोहता आलं पाहिजे असं इथल्या अभ्यासक्रमात लिहिलंय, आणि ते शिकवायला तलाव नाही अशी गावं आहेत. हिशेबनीस, खासगी माणूस निळं पाणी परवडतंय तोवरच देतो. न परवडायला लागलं की तो किल्ली तुमच्याच हातात देऊन जातो.

करिअर म्हणाल तर इथे लाइफगार्ड म्हणून लागलेला माणूस मॅनेजर होताना मी पाहिलाय. आपल्याकडे जीवरक्षक जीवरक्षकच मरतो, तोही कंत्राटी.

हिशेबनीस

आला फॉरेन रिटर्न. म्हणजे तिथेही बंद पडतातच. मग माझंच बरोबर ठरलं की.

लेस्टरवाला

वाचा परत. हळू.

एलआयसीवाली

तुमचं ते 63, 66, थॅचरबाई चालू द्या, मला एकच विचारायचंय. बाग दुपारी बंद का असते?

मी फील्डवर असते. सकाळी एक क्लायंट, मग एकदम साडेतीनला दुसरा. मधे डबा खायला जागा पाहिजे. हॉटेलात रोज शंभर रुपये घालवणं परवडत नाही, आणि बाई एकटी चहावर तासभर बसली की वेटर तीनदा फडकं मारून जातो. समोर एवढी मोठी बाग, झाडं, सावली, बाकडी, नळ. आणि फाटकाला कुलूप. पाटी: सकाळी 6 ते 11, संध्याकाळी 4 ते 8. मी गेली सात वर्षं त्या बागेच्या बाहेर फुटपाथवर, कंपाउंडच्या सावलीत बसून डबा खाते. माझ्याबरोबर दोन धुणंभांडीवाल्या असतात, एक कुरियरवाला असतो. आमची चांगली ओळख झालीय, त्याबद्दल महापालिकेचे आभार.

काका, तुमच्या बायका नऊपर्यंत बसल्या, आनंद आहे. आमचं काय?

शिस्तप्रिय

ताई, तुमची अडचण समजते पण दुपारी बाग उघडी ठेवली तर काय होतं ते आमच्या सोसायटीला विचारा. कॉलेजची जोडपी. आमच्या गॅलरीतून सगळं दिसतं. लहान मुलं असतात घरात, काय उत्तर द्यायचं? आम्हीच सह्यांचं निवेदन दिलं होतं. नागरिकांच्या मागणीवरून बंद आहे.

नाटकवेडा

लहान मुलं दुपारी शाळेत असतात. गॅलरीत कोण असतं? (हलके घ्या.)

शिस्तप्रिय

वैयक्तिक घसरायचं काम नाही. संपादकांनी लक्ष घालावं.

एलआयसीवाली

मागे एकदा एक बाग चुकून उघडी होती, मी आणि माझा नवरा बसलो होतो. लग्नाला अकरा वर्षं झालेली, आणि भांडत होतो, होम लोनवरून. तर रखवालदार शिट्टी फुंकत आला, "चला उठा, फॅमिली येतात इथं". म्हटलं दादा, फॅमिलीच भांडतेय. तरी उठवलं. तेव्हा जोडप्यांचा त्रास, संस्कृती वगैरे मला सांगू नका. जोडपी संध्याकाळी पण येतात, अंधारात तर जास्त येतात, मग संध्याकाळची पण बंद करा ना.

पेठेतला_एमपीएससी

ताईंना +100. आमच्या खोलीत चार कॉट, पत्रा, एप्रिल. अभ्यासिकेची फी महिन्याला भरतो तिथे खुर्चीला खुर्ची. दुपारी एक ते चार झाडाखाली बसून वाचलं असतं तर दोन प्रीलिम लवकर निघाल्या असत्या. संविधान तोंडपाठ आहे, अनुच्छेद 19 मधे मुक्त संचार आहे, बागेत अकरा ते चार अपवाद हे कुठल्या दुरुस्तीने घातलं ते सांगा.

शिस्तप्रिय

आधी पास व्हा मग संविधान शिकवा.

पेठेतला_एमपीएससी

हे लागलं हो. पण ठीके.

निवृत्त_माळीबुवा

धागा कुठे चाललाय. मी करिअरवर लिहिलं होतं. असो, विचारलंय तर सांगतो, गैरसमज नको. दुपारी बाग बंद ठेवतात ती जोडप्यांसाठी नाही. त्या वेळात देखभाल असते. लॉनला पाणी, कटिंग, कचरा, खेळण्यांची दुरुस्ती. लोक फिरत असताना मशिन चालवलं आणि दगड उडून पोराच्या डोळ्याला लागला तर जबाबदार कोण? शिवाय रखवालदार दोनच पाळ्यांचे मंजूर, मधली पाळी मंजूर नाही. रिकामी बाग उघडी ठेवली की पंप जातो, वर सांगितलंच.

राहुरीकर

सर, नमस्कार. मी पण हॉर्टीचाच, राहुरीचा. भर दुपारी लॉनला पाणी कोण घालतं?

हिशेबनीस

😂 ग्रोथ नाही म्हणत होते, लॉनची पण.

निवृत्त_माळीबुवा

राहुरीकर, तुम्ही पुस्तकात शिकलात, मी मातीत. टँकर जेव्हा येतो तेव्हा पाणी. तो पहाटे पाचला येत नाही, बाराला येतो. आला तेव्हा घालायचं नाहीतर परत जातो. हे विद्यापीठात शिकवत नाहीत.

राहुरीकर

मान्य, टँकरचा मुद्दा खरा आहे, मीही तेच भोगतोय. मातीत मी पण आहे सर. एका पालिकेच्या नऊ बागा बघतो, पण माझं नाव पालिकेच्या कुठल्याच रजिस्टरला नाही. ठेकेदाराचा सुपरवायझर. अकरा महिन्यांचं कंत्राट, मग दोन दिवस ब्रेक, मग परत अकरा. उद्यान निरीक्षकाच्या मंजूर जागा रिकाम्या पडल्यात, भरती निघाली तर निघाली. तुम्ही त्या पुतण्याला परीक्षा दे म्हणता, ती निघेपर्यंत त्याचं वय जाईल. तुमच्या 31 वर्षांतली ही गोष्ट धाग्यात कुठेच आली नाही, ती तुम्हाला आपसूक मिळालेली म्हणून बहुतेक.

आणि दोन दिव्यांची गोष्ट मला फार आवडली, खोटं नाही बोलत. पण मी आठवडाभर एका बागेत नुसता बसलो तर ठेकेदार माझा पगार कापेल. उरलेल्या आठ बागांचे फोटो लोकेशनसह रोज पाठवायचे असतात. लोकांना काय पाहिजे ते बघायला बसणं हे कामच कुणाच्या कामात धरलेलं नाही. ग्रुपवरचे गृहस्थ म्हणतात तसं खासगीला देऊन झालंय हो आधीच, पाटी तेवढी पालिकेची आहे.

हिशेबनीस

हे मात्र माहीत नव्हतं. म्हणजे मी शिव्या देतोय ते खातं आधीच माझ्या मताप्रमाणे चाललंय? छान. तलाव बंद पडलाय तो पण ठेक्याचाच असणार मग. मत बदललेलं नाही, पण आज रात्रीपुरतं गप्प बसतो.

लेस्टरवाला

तारीख लिहून ठेवतो.

शिस्तप्रिय

मूळ प्रश्न बाजूला पडला. समजा दुपारी उघडली. रखवालदाराचा पगार कोण देणार? ताई देणार का?

एलआयसीवाली

देते की. मालमत्ता कर भरते मी, फुटपाथ कर नाही. आणि ओपन जिमला पैसे होते ना? आमच्याकडे ज्या बागेत कधी कुणी मागितली नव्हती तिथे हिरवी-पिवळी यंत्रं बसवली, दोन पावसाळ्यांत निम्मी गंजली, एका यंत्रावर आता माळी कपडे वाळत घालतो. त्या पैशात किती वर्षांची मधली पाळी आली असती, काका तुम्हीच सांगा, तुम्हाला दर माहीत असतील.

निवृत्त_माळीबुवा

आली असती. दोनतीन वर्षांची तरी. पण यंत्र भांडवली, म्हणजे एकदाच्या खर्चात बसतं, रखवालदार महसुलीत, म्हणजे दरमहाच्या. यंत्रावर नाव रंगवता येतं. रखवालदारावर येत नाही.

निवृत्त_माळीबुवा

दोन दिवस झाले, उत्तर देऊ का नको असं चाललं होतं. देतो.

मधली पाळी मंजूर नाही असं मी वर लिहिलं. ती मंजूर नाही कारण कुणी मागितलीच नाही. मीही नाही. आम्हाला सोपं पडायचं. आमच्या गावात दुपारी बंद झालेली पहिली बाग माझ्याच हद्दीतली. 1998 चा उन्हाळा, पाण्याचा ठणठणाट, आणि समोरच्या सोसायटीचं निवेदन, तेच जोडप्यांचं. मी दोन्ही एकत्र करून टिपण लिहिलं की उन्हाळ्यापुरती दुपारी बंद ठेवावी. साहेबांची सही झाली. पाटी मीच रंगवून घेतली. पावसाळा आला, कुणी तक्रार केली नाही, जे बाहेर बसत होते ते तक्रार करणाऱ्यातले नव्हते. पुढच्या वर्षी बाकीच्या बागांनी तेच टिपण उतरवून काढलं. टिपणातल्या "उन्हाळ्यापुरती" शब्दाकडे नंतर कुणी बघितलं नाही. मी पण नाही.

संध्याकाळी सात वाजता बायका का उठतात ते बघायला मी आठवडाभर बसलो. दुपारी फाटकाबाहेर कोण बसतं ते बघायला एकदाही गेलो नाही. जेवायला घरी जायचो.

झालं. आता हसा.

नाटकवेडा

हसत नाहीये काका.

हिशेबनीस

31 वर्षांत एक प्रामाणिक टिपण, तेही निवृत्तीनंतर. पण लिहिलंत हे खरं.

पेठेतला_एमपीएससी

काका बाग कुठली? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शिस्तप्रिय

बघा, म्हणजे निवेदन योग्यच होतं, प्रशासनाने दखल घेतली होती.

एलआयसीवाली

काका, राग नाही. एक टिपण उघडायचं पण लिहून द्या, मसुदा इथेच टाका. सह्या मी गोळा करते, फुटपाथवर बसल्या बसल्या होतील. धुणंभांडीवाल्या मावशी सही करत नाहीत, अंगठा देतात, चालेल ना? व्हॉट्सअ‍ॅपवर चौदा चालले तर.

राहुरीकर

सर, मसुद्यात मधल्या पाळीचा रखवालदार महसुली खर्चात कुठल्या हेडखाली टाकायचा तेवढं लिहा. तिथेच फाईल परत येते.

पेठेतला_एमपीएससी

काकांनी व्यनि केला, जाऊन आलो, सायकलवर वीस मिनिटं. पाटी तीच आहे. वरून दोनदा ऑइलपेंट मारलाय, पण उजेड तिरका पडला की खालचं "उन्हाळ्यापुरते" वाचता येतं अजून. फोटो नीट आला नाही. पाटीला आतून झाडाची सावली आहे, तिथून बरा आला असता, पण गेलो तेव्हा दीड वाजला होता.